रोगजंतू आत शिरतो कसा, करतो काय आणि त्याला अडवायचं कुठे

प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी मी मुलांना काही शिकवत नाही, नुसतं बोट टेकवायला लावते. पेट्री डिशमध्ये (झाकणाची उथळ बशी) अगारचा, म्हणजे जीवाणूंचं अन्न घातलेल्या जेलीचा, गोठलेला पिवळसर थर असतो आणि डिशच्या तळाला पेनाने चार भाग आखलेले असतात. पहिल्या भागावर न धुतलेलं बोट. दुसऱ्यावर नळाखाली चार-पाच सेकंद नुसतं ओलं केलेलं. तिसऱ्यावर साबण लावून वीस सेकंद चोळून, धुऊन, कोरडं केलेलं. चौथ्या भागाला कुणी हात लावायचा नाही. झाकण लावायचं, डिश उलटी करायची (नाहीतर झाकणाला जमलेलं पाणी खाली वाढीवर ठिबकतं) आणि ३७ अंश सेल्सिअसच्या इन्क्युबेटरमध्ये (ऊब कायम ठेवणाऱ्या पेटीत) ठेवून घरी जायचं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या भागात बोटाचा ठसाच उगवलेला असतो, पांढरट-पिवळ्या ठिपक्यांचा. दुसरा भाग बहुतेक वेळा पहिल्यापेक्षाही जास्त भरलेला निघतो आणि मुलं म्हणतात, मॅडम, भाग अदलाबदल झाले. झालेले नसतात. पाण्याने त्वचेच्या रेघांतले जीवाणू सुटे केले पण वाहून नेले नाहीत, आणि ओल्या बोटावरून ते जास्त सहज उतरले. तिसऱ्या भागातही थोडे ठिपके असतात. चौथा कोरा असायला हवा. एका वर्षी त्यावर हिरवी बुरशी आली, कारण झाकण हातात धरून मी पाच मिनिटं बोलत बसले होते.

यातला एकेक ठिपका म्हणजे एक कॉलनी, बहुधा एकाच जीवाणूपासून रात्रभरात वाढलेली कोट्यवधींची वस्ती. आणि ज्यांच्या बोटावरून ती आली ती सगळी मुलं ठणठणीत होती. अंगावर जंतू असणं वेगळं आणि रोग होणं वेगळं. मधलं अंतर जंतू कसं कापतो हे एकदा कळलं, की कुठल्याही नव्या साथीची बातमी वाचताना नेमकं काय विचारायचं ते समजतं. मी ते पायऱ्यांनी सांगते, कारण मलाही ते तसंच उमगलं.

पायरी १ : समोर कोण आहे, जीवाणू की विषाणू?

आपल्या त्या डिशमध्ये आठवडाभर वाट पाहिली तरी एकही विषाणू वाढणार नाही. अगारमध्ये अन्न भरपूर आहे, पण विषाणूला अन्न नको असतं, जिवंत पेशी हवी असते.

जीवाणू हा एका पेशीचा पूर्ण संसार असतो. भिंत आहे, आत जनुकं आहेत, प्रथिनं बनवणारे रायबोसोम आहेत. अन्न मिळालं की तो वाढतो आणि दुभंगतो. ई. कोलाय हा आतड्यातला जीवाणू साधारण २ मायक्रोमीटर लांब असतो, म्हणजे एका मिलिमीटरच्या ओळीत पाचशे मावतील. सगळं मनासारखं असेल तर तो दर वीस मिनिटांनी दुप्पट होतो. सात तासांत एकाचे वीस लाखांहून जास्त. करून बघा हिशेब, दोनाचा एकविसावा घात.

विषाणू याच्या पुढे चिमुकला. पोलिओचा विषाणू ३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे ई. कोलायच्या लांबीत साठ-सत्तर बसतील. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. जनुकांची गुंडाळी, तिच्यावर प्रथिनांचं कवच आणि काहींना त्यावर चरबीचं पातळ आवरण, एवढीच त्याची मालमत्ता. पेशीबाहेर तो खात नाही, वाढत नाही. पेशीत शिरला की तिचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढून घेतो.

हा फरक परीक्षेपुरता नाही. पेनिसिलिन जीवाणूची भिंत बांधू देत नाही. बाकीची बरीच प्रतिजैविकं (अँटिबायोटिक) त्याच्या रायबोसोमवर घाव घालतात. विषाणूकडे भिंतही नाही आणि स्वतःचे रायबोसोमही नाहीत. त्यामुळे सर्दी किंवा फ्लूवर अँटिबायोटिक कमी पडतं असं म्हणणंही चूक आहे, त्याला तिथे मारायला काही सापडतच नाही. ‘व्हायरलच आहे, पण खबरदारी म्हणून घेऊन टाका’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं.

नुसत्या लक्षणांवरून दोघांतला फरक ओळखणं अवघड असतं. घशाची बहुतेक दुखणी विषाणूंची असतात, पण स्ट्रेप्टोकोकस या जीवाणूने धरलेला घसाही तसाच दुखतो. कफ हिरवा-पिवळा झाला म्हणजे जीवाणूच, हाही गैरसमज. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका एन्झाइमचा असतो आणि विषाणूंच्या सर्दीतही येतो. खरी खात्री तपासणीने होते. जीवाणूसाठी ग्राम स्टेन आणि कल्चर (नमुन्यातला जीवाणू डिशमध्ये वाढवून बघणं), विषाणूसाठी पीसीआर (त्याची जनुकं शोधणारी) किंवा अँटिजेन (त्याची प्रथिनं शोधणारी) चाचणी. ग्राम स्टेनमध्ये काचपट्टीवर आधी जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुवायचं आणि शेवटी गुलाबी रंग. जाड भिंतीचे जीवाणू जांभळा धरून ठेवतात, पातळ भिंतीचे तो सोडून गुलाबी होतात. दहा मिनिटांचं काम, पण कोणत्या गटातलं औषध निवडायचं याची दिशा त्यातून मिळते.

पायरी २ : कुठून आत आला आणि कुठून बाहेर पडतो?

आत येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत: श्वास, तोंड, जखम किंवा चावा, रक्त, शरीरसंबंध आणि आईकडून बाळाला. नवशिके इथेच थांबतात. बाहेर पडण्याची वाट त्याहून महत्त्वाची आहे, कारण साथ तिथून सुरू होते. कॉलऱ्याचा जीवाणू विष्ठेतून बाहेर पडतो आणि पाण्यातून दुसऱ्याच्या तोंडात जातो, तेव्हा पाणी सांभाळायचं. गोवराचा विषाणू श्वासातून बाहेर पडतो आणि रोगी खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो, तिथे नुसतं हात धुऊन भागणार नाही. धनुर्वाताचा जीवाणू मातीतून खोल जखमेत जातो आणि रोग्याकडून दुसऱ्या कुणाकडे जातच नाही, म्हणून त्याच्या रोग्याला वेगळं ठेवण्यात अर्थ नसतो.

किती जंतू आत गेले यावरही बरंच अवलंबून असतं. शिगेलाच्या हगवणीला शंभरहून कमी जीवाणूही पुरतात. कॉलऱ्याचे बहुतेक जीवाणू जठरातल्या आम्लात मरतात, त्यामुळे धडधाकट माणसाला त्यांचा मोठा भरणा लागतो.

आणि एक गोष्ट नेहमी निसटते: जंतू बाहेर टाकणारा माणूस आजारी दिसेलच असं नाही. गोवराचा रोगी पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्ग देतो. विषमज्वराचे (टायफॉइडचे) काही रोगी बरे होऊनही पित्ताशयात जीवाणू बाळगून राहतात आणि विष्ठेतून महिनोन् महिने सोडत राहतात. पोलिओ झालेल्या साधारण दोनशे जणांत एखाद्यालाच लकवा येतो. बाकीच्यांत बहुतेकांना आपल्याला काही झालं होतं याचा पत्ताही नसतो. ‘तो तर चांगला दिसत होता’ याला संसर्गात काही किंमत नाही.

पायरी ३ : आत जाऊन नेमकं काय करतो?

जीवाणूंचं मुख्य हत्यार विष. कॉलऱ्याचाच जीवाणू घ्या. तो रक्तात शिरत नाही, आतड्याची भिंत खात नाही. लहान आतड्याला चिकटून बसतो आणि एक विष सोडतो. त्या विषाने आतड्याच्या पेशींतलं एक बटण ‘चालू’ स्थितीत अडकतं, पेशी क्षार बाहेर फेकत राहतात आणि क्षारामागे पाणी धावतं. गंभीर रोग्याच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं. माणूस जीवाणूमुळे कमी आणि कोरडा पडून जास्त मरतो.

हे यंत्र समजलं म्हणून उपाय सापडला. आतड्यात आणखी एक दार आहे, साखर आणि मीठ जोडीने आत घेणारं, आणि कॉलऱ्याचं विष त्या दाराला धक्का लावत नाही. दोन्ही योग्य प्रमाणात पाण्यात दिले की ते आत जातात आणि पाण्यालाही ओढून नेतात. हेच ओआरएस. पुडी असेल तर ती लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात घालायची. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. प्रमाण अंदाजाने वाढवायचं नाही. जास्त मीठ लहान मुलाला घातक ठरतं.

धनुर्वाताचा जीवाणू प्राणवायू नसलेल्या खोल जखमेत वाढतो आणि त्याचं विष मज्जातंतूंवरून वर चढून स्नायू सैल करणारा निरोपच अडवतं. म्हणून जबडा आवळतो, पाठ कमानीसारखी ताठते. दोष गंजाला दिला जातो, पण गंज निमित्त. मातीतले बीजाणू (जीवाणूची कडक कवचातली झोपलेली रूपं) आणि खोल टोचलेली जखम ही खरी जोडी.

स्टॅफिलोकोकस या जीवाणूची गोष्ट स्वयंपाकघरात उपयोगी पडते. शिजवून तासन् तास बाहेर ठेवलेल्या अन्नात तो वाढतो आणि विष सोडून ठेवतो. पुन्हा खळखळून गरम केलं की जीवाणू मरतो, विष मात्र उष्णतेला दाद देत नाही. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या. म्हणजे ‘गरम करून घेतलं होतं’ हा बचाव इथे चालत नाही, अन्न वेळेत थंड व्हायला हवं होतं.

घटसर्पाची (डिप्थीरियाची) एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. घशात पडदा धरणारा आणि हृदयाला इजा करणारा तो जीवाणू स्वतः विषारी नसतो. विषाचं जनुक त्याला एका विषाणूकडून मिळतं, जीवाणूंनाच संसर्ग करणाऱ्या विषाणूकडून. हा विषाणू ज्या जीवाणूत शिरलेला नाही, त्याला ते विष बनवता येत नाही.

सगळेच जीवाणू विष सोडत नाहीत. क्षयाचा जीवाणू उलट गपचूप काम करतो. त्याला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या पोटातच तो मुक्काम ठोकतो आणि पंधरा-वीस तासांनी एकदा दुभंगतो. त्याचा उपचार महिनोन् महिने चालतो, त्याला त्याची ही संथ चालही कारणीभूत आहे.

विषाणूचा मार्ग वेगळा. त्याच्या पृष्ठभागावरचं प्रथिन म्हणजे किल्ली आणि पेशीवरचं ठरावीक प्रथिन किंवा साखर म्हणजे कुलूप. एचआयव्हीची किल्ली सीडी४ नावाचं कुलूप असलेल्या रोगप्रतिकारक पेशींना लागते, कोरोनाची एसीई२ असलेल्या पेशींना. कोणता विषाणू कुठल्या अवयवाला त्रास देणार हे बऱ्याच अंशी या कुलपांवर ठरतं. आत गेल्यावर काही विषाणू पेशी फोडूनच बाहेर येतात. काही दडून बसतात: कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी कित्येक वर्षं झोपतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. आणि हेपटायटिस बी मध्ये यकृताचं नुकसान मुख्यतः आपलीच प्रतिकारयंत्रणा करते, विषाणू लपलेल्या पेशी मारता मारता. तापाचंही तेच. मेंदूतला थर्मोस्टॅट आपलं शरीरच वर सरकवतं.

पायरी ४ : वाटेतच अडवा

१८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरला एक कोडं पडलं होतं. डॉक्टर असलेल्या प्रसूतिकक्षात बाळंतिणी सुइणींच्या कक्षापेक्षा कितीतरी जास्त मरत होत्या. डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट इकडे येत. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर उन्हाळ्यात २ टक्क्यांच्या आसपास आला. जंतू म्हणजे काय हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. वाट बंद झाली, एवढं पुरलं.

आता आपले हात. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं चरबीकडे. फ्लू किंवा कोरोनाच्या विषाणूचं बाहेरचं आवरण चरबीचं असल्याने साबण ते अक्षरशः उसवतो. ज्यांना आवरण नाही, उदाहरणार्थ उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस, ते असे फाटत नाहीत, पण चोळल्याने सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. वीस सेकंद सांगतात ते या चोळण्यासाठी. बोटांच्या बेचक्या, अंगठा आणि नखांखालचा भाग राहून जातो. धुतल्यावर हात कोरडे करणंही त्याचाच भाग, आमच्या डिशचा दुसरा भाग आठवा.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल किमान ६० टक्के हवं. शंभर टक्के आणखी चांगलं असेल असं वाटतं, पण प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतं, म्हणून ७० टक्क्यांचं जास्त प्रभावी ठरतं. नोरोव्हायरसवर ते लंगडं पडतं आणि बीजाणूंवर चालत नाही. हाताला दिसणारी घाण असेल तर सॅनिटायझरची बाटली ठेवून द्या.

पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट पुरतं. उंच डोंगराळ भागात तीन, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. दुधाचं पाश्चरीकरण म्हणजे ७२ अंशांवर १५ सेकंद. याने रोगजंतू मरतात, दूध निर्जंतुक होत नाही, म्हणून ते फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. फ्रिज ५ अंशांच्या खाली हवा. तो जीवाणूंना मारत नाही, फक्त त्यांचा वेग कमी करतो. ५ ते ६० अंश हा जीवाणूंच्या सुगीचा पट्टा.

हवेतून पसरणाऱ्या रोगाला खिडक्या उघडणं आणि नीट बसणारा मास्क ही खरी आडकाठी आहे. फरशी पुसून गोवर थांबत नाही.

पायरी ५ : लस

शरीराला अनोळखी जंतूविरुद्ध प्रतिपिंडं (जंतूला ओळखून धरणारी प्रथिनं) तयार करायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लस ही तयारी आधीच करून घेते, रोग न होता. काही लशींत मेलेला किंवा दुबळा केलेला जंतू असतो, काहींत फक्त त्याचा तुकडा. धनुर्वाताच्या लशीत जीवाणू नसतोच, निरुपद्रवी केलेलं विष असतं. एकदा धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही ती घ्यावी लागते, कारण जीवघेणं ठरणारं विषाचं प्रमाणही इतकं कमी असतं की शरीर ते ओळखायला शिकत नाही.

रेबीजची लस चावा बसल्यावरही चालते. चावल्याच्या जागेपासून मज्जातंतूंवरून मेंदूपर्यंत जायला विषाणूला सहसा आठवडे ते महिने लागतात, आणि लस त्या शर्यतीत पुढे जाऊ शकते. लक्षणं दिसू लागली की मात्र जवळजवळ कुणीच वाचत नाही. म्हणून आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. जखम केवढी आहे हे बघत बसायचं नाही.

गोवर सर्वांत जास्त पसरणाऱ्या रोगांपैकी एक. कुणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर एक रोगी बारा ते अठरा जणांना देऊ शकतो, म्हणून त्याला रोखायला सुमारे ९५ टक्के लोकांना लस मिळालेली लागते. देवीचा रोग पृथ्वीवरून गेला (शेवटचा नैसर्गिक रोगी १९७७ मध्ये, घोषणा १९८० मध्ये) कारण तो फक्त माणसाला होई, पुरळ लपत नसे आणि लस टिकाऊ होती. सगळे विषाणू इतके सरळ नसतात.

पायरी ६ : औषध, आणि ते निकामी कसं होतं

काही विषाणूंवर औषधं आहेत, पण ती नेमक्या विषाणूसाठी आणि नेमक्या वेळी. फ्लूवरचं ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी. हेपटायटिस सी बहुतेक रोग्यांत ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. एचआयव्ही दबून राहतो, पण गोळ्या आयुष्यभर.

प्रतिजैविकांबद्दल लोक म्हणतात, ‘मला आता ते औषध लागू पडत नाही, अंगाला सवय झालीये.’ सवय अंगाला होत नाही, जीवाणूंना होते. कोट्यवधींत काही थोडे योगायोगाने वेगळे निघतात, औषधाने बाकीचे मरतात आणि मैदान यांना मोकळं मिळतं. वर ते प्रतिकाराचं जनुक शेजारच्या, अगदी दुसऱ्या जातीच्या जीवाणूलाही देऊ शकतात. १९२८ मध्ये पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याबद्दल बजावलं होतं. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे थेट झालेले मृत्यू जगभरात सुमारे १२.७ लाख असल्याचा अंदाज आहे.

तेव्हा करायचं एवढंच: मागच्या खेपेच्या उरलेल्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, दुसऱ्याची चिठ्ठी वापरायची नाही, आणि बरं वाटलं म्हणून डॉक्टरांना न विचारता मधेच थांबवायचं नाही. कल्चर सांगितलं असेल तर नमुना शक्यतो औषधाचा पहिला डोस घेण्याआधी द्या. गोळी घेऊन आलेल्या रोग्याच्या नमुन्यात अनेकदा काहीच उगवत नाही आणि मग आम्हाला कोऱ्या डिशकडे बघत बसावं लागतं. अर्थात श्वास लागणं, गुंगी, ताठ मान, लघवी बंद होणं यातलं काही असेल तर तपासण्यांचा क्रम डॉक्टरांवर सोडा आणि आधी रुग्णालयात पोचा.

मुलांच्या त्या डिशचं पुढे काय होतं, हेही कुणीतरी विचारतंच. निरीक्षण लिहून झालं की झाकण चिकटपट्टीने बंद करतो, कारण आता आत एका बोटापुरते जंतू नाहीत, अब्जावधी आहेत. घरी असला प्रयोग करू नका म्हणते ते त्यासाठीच. मग सगळ्या डिश ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये) जातात, १२१ अंशांवर, दाबाखाली, किमान पंधरा मिनिटं. बाहेर येतात तेव्हा अगार वितळलेलं असतं, प्लॅस्टिक वाकडंतिकडं झालेलं असतं आणि खोलीत करपट वास भरलेला असतो. त्यानंतरच त्या कचऱ्यात.